दिवाळीच्या सुट्टीत बास्केटबॉल: सकाळ मैदानाची, बाकीचा दिवस घरचा

सुट्टीत सराव पूर्ण बंद करू नका, पण रोज दोन वेळाही नको. आठवड्यातून तीन दिवस सकाळी पाऊण तास पुरे. आधी दोरीउड्या, मग ड्रिबलिंग (बॉल जमिनीवर आपटत नेणं) आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर कुणी न अडवता मिळणारा थ्रो, अगदी शेवटी. बोर्डापासून 4.6 मीटरवरचा हा थ्रो मॅचमध्येही दमलेल्या पायांनीच मारावा लागतो, म्हणून हा क्रम मोडू नका. वेळ घरी आदल्या रात्रीच सांगा. सगळ्यांचं जोतिबाला किंवा पन्हाळ्याला जायचं ठरलं, तर त्या दिवशी बॉल घरीच राहू दे. चालणं भरपूर होतंच. 13 ते 18 वयाच्या पोरांना 8 ते 10 तास झोप हवी. अंगणात किल्ला बांधताना जागरण झालं असेल, तर सकाळचा सराव खुशाल सोडा.