दार-चौकटींना ऑइल पेंट मारताना: घासणं, फट आणि दाराची खालची कड

रूमचं काम काढलं की सगळं लक्ष भिंतीच्या शेडवर जातं आणि दार-चौकटी "शेवटी मारू दोन हात" म्हणून राहतात, आणि मग नव्या भिंतीत जुनी चौकट अजूनच कळकट दिसते. खरं तर चौकटीच्या कामात ब्रश सगळ्यात कमी चालतो, जास्त वेळ जातो तो घासण्यात.

आधी कडी, हँडल, टॉवर बोल्ट काढून ठेवा, त्याच्या कडेने रंगवत बसू नका, चांगलं दिसत नाही. जुना रंग घट्ट असेल तर पूर्ण खरवडायची गरज नाही, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मरेपर्यंत घासा, मग १८० ने. पपडी सुटत असेल तिथे मात्र लोखंडी पट्टीने काढाच. घर जुनं असेल तर कोरडं घासू नका, वॉटर पेपर घ्या आणि ओलं करून घासा, कारण घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं हा नियम आपल्याकडे लागू झाला तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या थरात काय असेल सांगता येत नाही. लहान मुलं त्या खोलीत नकोतच.

नवीन लाकूड असेल तर गाठींवर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून एक हात द्या, नाहीतर पांढऱ्या रंगातून पिवळे डाग वर येतात. मग वुड प्रायमर, तो सुकला की खिळ्यांची भोकं, खाचा लांबीने, म्हणजे लाकडात भरायच्या पुट्टीने भरायच्या. इथे पेंटर लोक भिंतीची उरलेली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी फासतात, ती लाकडावर टिकत नाही, लाकूड हललं की तडकते. लाकडाची लांबी वेगळी मागा.

आता चौकट आणि प्लास्टरमधली ती बारीक फट. ही दरवर्षी उघडते, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, भिंत जागची हलत नाही. यात ॲक्रिलिक सीलंट भरा, ओल्या बोटाने एका दमात ओढून घ्या. सिलिकॉन अजिबात नको, त्याच्यावर रंग धरत नाही.

क्रमाबद्दल लोक भांडतात. माझं मत, भिंतीचा पहिला हात, मग चौकट पूर्ण, मग भिंतीचा शेवटचा हात. भिंतीचा रंग चौकटीवर उडाला तर ओल्या फडक्याने जातो, ऑइल पेंट भिंतीवर उडाला की बसला.

रंगात टर्पेंटाईन थोडंच घाला, जास्त पातळ केलं की ओघळ येतात. दीड-दोन इंची ब्रश, पातळ दोन हात, मध्ये एक रात्र सुकू द्या आणि ३२० ने हलकं घासून धूळ पुसा. ओघळ आलाच तर तेव्हा हात लावू नका, सुकल्यावर घासा. मास्किंग टेप रंग ओलसर असतानाच काढायची. पांढरा ऑइल पेंट कमी उजेडाच्या खोलीत पिवळा पडतो, तिथे वॉटर-बेस इनॅमल घ्या, वासही कमी. पण जुना ऑइल पेंट नीट घासून, प्रायमर मारल्याशिवाय त्यावर हे इनॅमल नको, नखाने सोलून निघतं. ग्रिलला आधी रेड ऑक्साईड, बाकी सगळं तसंच.

आणि दाराची खालची-वरची कड! ती कोणी रंगवत नाही कारण दिसत नाही, पाणी तिथूनच आत शिरतं. मग जुलैत दार अडतं, सुतार येऊन रंधा मारतो, कोरं लाकूड उघडं ठेवून जातो आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. बिजागऱ्या सोडवून दार आडवं टाका आणि कडांना प्रायमर धरून तीन हात द्या. हे काम दिवाळीनंतर केलेलं बरं, लाकूड तोवर कोरडं झालेलं असतं.

दार बसवल्यावर चार-पाच दिवस घट्ट लावू नका, वरून सुकलं तरी रंग आतून मऊ असतो आणि दार चौकटीला चिकटून पापुद्रा निघतो, रात्री लावायचंच असेल तर मध्ये प्लास्टिकची पिशवी अडकवा.