जुनं मातीचं घर पाहुण्यांना भाड्यानं देण्याआधी

सातारा जिल्ह्यात जावळी, पाटण आणि वाईच्या पश्चिमेला मातीच्या घराचा वैरी एकच, पाणी. म्हणून पहिला पैसा छपराला, फरशी आणि रंग मागाहून. महाबळेश्वरकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण-खटावात ५०० च्या आसपास. तिकडच्या माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, रीत इकडे आणू नका.

छपराचं काम मेअखेर संपवा. कौलं उतरवली की वासे टोचून पाहा. स्क्रू ड्रायव्हर अर्धा इंच सहज आत गेला तर वासा बदला. मंगलोरी कौलं १०० चौरस फुटाला साधारण १५० लागतात, फुटतुटीसाठी थोडी जास्त घ्या. जुन्या आणि नव्या साच्याची कौलं एकमेकांत बसत नाहीत, फटीतून झड आत येते. शाबूत जुनी सगळी एका पाख्यावर लावा, नवी दुसऱ्यावर. रीपांचं, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर हातातल्या कौलावर मोजून ठरवा. वळचण दोन फूट तरी बाहेर हवी, नाहीतर भिंतीचा पायथा भिजतो.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, गवंड्यानं कितीही आग्रह केला तरी. ओल आत कोंडते, माती सुटते आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे निघतात. माती, बारीक काड आणि शेण आठवडाभर भिजत घालून, रोज तुडवून त्याचा हात द्या. तो पूर्ण वाळला की चुन्याचे दोन-तीन हात. हे काम दिवाळीनंतर थंडीत काढा. उन्हाळ्यात लेप भरभर वाळून तडकतो.

खांबाचा तळ कुजला असेल तर वरच्या तुळईला धिरे (तात्पुरते टेकू) देऊन कुजलेलं तेवढंच कापा, जुन्या सागाचा तुकडा सांधा आणि खांब पुन्हा दगडी तळखड्यावर बसवा. सिमेंटमध्ये गाडलेला खांब वाळवी खाते.

पाहुणे सगळ्यात आधी संडास-बाथरूम बघतात. माजघराचा कोपरा फोडून ते आत करू नका. रोजच्या शिंतोड्यांनी भिंत खालून खचते. परसदारी जोत्यापासून सुटी, विटांची खोली बांधा आणि तिथवर छपरी वाट करा. शोषखड्डा विहिरीपासून ५० फूट तरी लांब हवा. वायरिंगसाठी भिंत खाचू नका, ते उघड्या पाइपातून न्या; ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवंच.

काम काढायच्या आधी कागदपत्रं बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर, बहुधा भावकीतली चार नावं असतात. सगळ्यांची लेखी संमती घ्या. घर महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येत असेल तर २००१ पासूनचे बांधकामाचे निर्बंध लागू होतात, बाथरूमच्या नव्या खोलीलासुद्धा परवानगी विचारा. पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करता येते. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी वेगळी, आणि परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.