धक्क्याच्या पायऱ्या आणि पाऊणकी

देवगड तालुक्यात खाडीकाठी आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, 19 मुलं. चारही इयत्ता बऱ्याचदा एकाच खोलीत बसतात. म्हणून मी उपक्रम निवडताना एकच बघते: पहिलीच्या पोराला त्यात काम आहे का, आणि चौथीच्या पोरीला त्यात डोकं चालवावं लागतं का? दोन्ही जमलं तरच तो वर्गात आणते.

त्यातला माझा सगळ्यात लाडका उपक्रम भरतीचा. जवळ होड्या लागतात तसा धक्का असेल तर तुम्हालाही करता येईल. शाळा भरल्यावर पावसाळ्यात मात्र याच्या वाटेला जाऊ नका. नारळी पौर्णिमा होऊ द्या, दसरा-दिवाळी उरकू द्या, पाणी शांत झालं की सुरू करा. मुलांनी सगळ्यात वरच्या पायरीच्या खाली उतरायचं नाही, आणि सोबत शिक्षकाशिवाय पाण्यातलं कळणारं आणखी एक मोठं माणूस हवं. आमच्याकडे एका मुलाचे आजोबा येतात. उभी हयात त्यांनी तांडेल म्हणून, म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून काढली आहे.

दिवस निवडताना कॅलेंडरमधली तिथी बघा. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून पुढे चतुर्थी-पंचमीपर्यंतची भरती शाळेच्या वेळेत येते. अष्टमीच्या सुमारास दुपारी सुकती, म्हणजे ओहोटी असते, तेव्हा धक्क्यावर जाऊन मुलांना नुसता चिखल दिसतो.

धक्क्याला पायऱ्या असतात, तीच आपली मोजपट्टी. वरून मोजत यायचं: कोरड्या किती? हे काम पहिली-दुसरीचं. तिसरीची मुलं वेळ आणि आकडा लिहितात. चौथीची मुलं सुकतीच्या वेळी एकदाच एका पायरीची उंची मोजून ठेवतात आणि गुणाकार करून पाणी किती सेंटिमीटर चढलं ते काढतात. आमची पायरी 18 सेंटिमीटरची आहे. सुरुवातीला अर्ध्या तासाने मोजलं तरी चालतं. पाणी मंदावलं की दर दहा मिनिटांनी मोजा, नाहीतर नेमकी भरण्याची वेळ हातची जाते. शेवटच्या दोन-तीन नोंदी सारख्या आल्या आणि मग एक पायरी पुन्हा उघडी पडली, की मधली वेळ भरतीची धरायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. हे मुलांना आधी सांगू नका. पहिल्या वर्षी मी ती चूक केली. फळ्यावर नियम लिहिला, उदाहरण सोडवलं आणि मग मुलांना धक्क्यावर नेलं. सगळ्यांच्या वहीत अगदी नियमाबरहुकूम वेळा आल्या. मला आनंद झाला, पण घरी येऊन नोंदी शांतपणे पाहिल्यावर कळलं, की त्यांनी पाणी बघितलंच नव्हतं. बाईंनी सांगितलेलं उत्तर बरोबर असणार म्हणून तेच उतरवलं होतं. त्यात मुलांचा काही दोष नव्हता. तेव्हापासून नियम शेवटी, आणि तोही आजोबांच्या तोंडून.

दुसऱ्या वर्षी तो नियम आला तेव्हा झालं असं. तृतीया होती. नोंदी हातात घेऊन मुलं अंदाज बांधत होती की उद्या पाणी कधी भरेल. आजोबांचा नातू म्हणाला, "बाई, माजो आजो पंचांग बघणा नाय, तरी भरतेची येळ सांगता." मग आजोबांनी सांगितलं: प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. हीच ती पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी आमच्या आधीच्या पिढीने पाठ केली होती, पुढे ती पाढ्यांतून गळाली. सव्वा, दीड, पावणे हे शब्द मात्र मुलांच्या बोलण्यात रोज असतात, त्यामुळे अपूर्णांक शिकवायला याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

पुठ्ठ्याचं घड्याळ करा. पहिलीतल्या मुलाने काटा बारावर ठेवायचा आणि प्रत्येक तिथीला पाऊण तास पुढे सरकवायचा. आधी पाऊण म्हणजे काय ते हाताला कळू दे: दोरी दोनदा दुमडून चार भाग, त्यातले तीन. तासाच्या वर्तुळालाही तसेच चार भाग करून रंगवा.

मग नियम आणि आपल्या नोंदी शेजारीशेजारी मांडा. जुळत नाहीत! आमच्या धक्क्यावर पाणी नियमाच्या आधी भरतं. मुलं आधी स्वतःची नोंद खोडायला निघतात, त्यांना थांबवा. भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मुंबईच्या आधी ती आपल्याकडे येते, आणि पाऊणपटीचा हिशोब मुंबईच्या बाजूला अधिक जुळतो. खाडीत खूप आत असाल तर पाणी पोचायला उलट वेळ लागतो. म्हणून प्रत्येक शाळेने आपल्या धक्क्याचा फरक स्वतः काढायचा.

चौथीच्या मुलांपुढे अजून एक गाठ ठेवा. अमावास्या म्हणजे पंधरा तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, पाऊण वाजता. मध्ये दीड तास कुठून आला? गेल्या वर्षी एका मुलीने हे स्वतःहून विचारलं आणि मी तो तास तिथेच थांबवून त्यावरच घालवला. चंद्र रोज पुढे सरकतो, म्हणून भरती दर तिथीला सरासरी 48 मिनिटांनी उशिरा येते. आपण 45 धरतो. तीन-तीन मिनिटं पंधरा तिथी साचली की पाऊण तास होतो, त्यात नेहमीचा पाऊण तास मिळवला की दीड. नियम तोंडी हिशोबाला सोपा जावा म्हणून घासून बसवलेला आहे, हे मुलांना त्या दिवशी नीट समजलं.

दुसरा उपक्रम रंगांचा: पदार्थ आंबट आहे की साबणासारखा, ते रंगावरून ओळखायचं. हा प्रयोग एका तासात होतो. हळदीची पातळ पेस्ट कोऱ्या कागदावर लावून सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. तांबड्या जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा. मुलांनी घरून वाटीभर काहीतरी आणायचं: कोकमाचं आगळ, लिंबू, चिंचेचा कोळ, ताक, साबणाचं पाणी, खायचा सोडा, चुलीतल्या राखेचं निवळलेलं पाणी. थेंब टाकण्याआधी काय होईल ते पाटीवर लिहून घ्या, इथेही तोच दंडक. साबणाने हळद तांबडी होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. जास्वंदीचं पाणी आंबटाने गुलाबी-लाल आणि राखेच्या पाण्याने हिरवट होतं. आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो हे मुलींनी घरी पाहिलेलं असतं, तो धागा पकडा. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं हेही इथेच सांगता येतं, फक्त चुना मुलांच्या हातात देऊ नका. राखेचं पाणी डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा. खाडीचं पाणी खारट, म्हणून ते साबणासारखं वागेल असं निम्म्या वर्गाला वाटतं. हळदीची पट्टी तशीच पिवळी राहते. पट्ट्यांचे रंग उतरतात, त्याच दिवशी वहीत नोंदवून घ्या.

शिंपल्यांची वर्गवारी सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. रंगावरून गट पाडायला सांगू नका, गट मुलांनाच ठरवू द्या. जोडीचे शिंपले आणि एकसंध शंख हा फरक ती दहा मिनिटांत काढतात. एका फुटक्या शिंपल्यावर लिंबाचे थेंब टाकून बुडबुडे दाखवा. याच शिंपल्या भाजून पूर्वी चुना करत, म्हणजे मघाचा चुना इथे जोडला जातो. गोळा करताना आत जीव असलेला शंख हमखास येतो. तो खाडीच्या पाण्याच्या बादलीत सावलीला ठेवा आणि त्याच दिवशी परत सोडा. किती वाजता धक्क्यावर जायचं ते आमची मुलं तिथी बघून, आपला फरक वजा करून, मला सांगतात.