पीसीएलची चटई फॉइलवरून न फाटता सोडवताना

इलेक्ट्रोस्पिनिंगवर (विजेच्या उच्च दाबाने पॉलिमरच्या द्रावणाचे बारीक तंतू ओढण्याच्या यंत्रावर) तासन्‌तास बसून जमवलेली पीसीएलच्या (पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरच्या) नॅनोतंतूंची चटई अॅल्युमिनियम फॉइलवरून काढताना नेमकी कडेला फाटते. फार जीव तुटतो. कोरडी ओढूच नका.

१. फॉइलसकट हवे तेवढे तुकडे कापा.
२. पेट्री डिशमध्ये ७० टक्के इथेनॉलात मिनिटभर बुडवा.
३. चिमट्याने चटई नव्हे, फॉइल सोलून काढा.

पेशी वाढवायच्या असतील तर तुकडा वाळू देऊ नका. कोरडे पीसीएल पाणी धरत नाही, पेशींच्या पोषक द्रवावर, म्हणजे माध्यमावर, तरंगत राहते. इथेनॉलात भिजलेला तुकडा बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारद्रावणाने) तीनदा धुतला की तळाशी बसतो.

क्रॉसलिंक न केलेली (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधून पक्की न केलेली) जिलेटिनची किंवा पीव्हीएची (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची) चटई मात्र अशी बुडवू नका. इथेनॉलातल्या पाण्याने तंतू फुगून एकमेकांना चिकटतात.