वाळूगावात सहा रात्री: सांगलीहून वेलिगमला पोराबाळांसह सर्फिंग

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं वेलिगम म्हणजे अक्षरशः वाळूगाव. सिंहलीत वेलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणं, शिकायला माणसं तिथं जातात त्याचं कारणही नावातच आहे. किनारा अर्धचंद्रासारखा आत वळलेला, तळाशी बहुतेक ठिकाणी वाळूच, आणि लाट फुटल्यावर लांबवर कमरेइतकंच पाणी. पडलं तर वाळूवर पडतो.

आपल्याकडची सहल म्हणजे सहा दिवसांत सात गावं. इथं तो बेत करू नका. पहिल्याच दिवशी खांदे आणि बरगड्या बोलायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना पाच तास गाडीत कोंबलं तर शिकलेलं सगळं वाया जातं. सहा रात्री एकाच घरात काढा. सकाळी पाणी, दुपारी झोप, संध्याकाळी भटकंती.

कधी जायचं

दक्षिण किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. अडचण अशी की आपली मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि नैऋत्य मोसमी वारे तिथं आपल्याआधी पोचतात. समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं. मेशिवाय जमतच नसेल तर पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे गाठा, तिथला हंगाम उलटा असतो. पण कोलंबोहून रस्त्यानं सात-आठ तास लागतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तिकडं पावसाचे दिवस असतात. नाताळात समुद्र छान, दर मात्र चढे, म्हणून घर गणपतीच्या सुमारासच धरून ठेवा. परीक्षा संपवून एप्रिलच्या मध्यात निघणार असाल तर १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या दोन-तीन दिवसांत दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

कागद आणि वाट

बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. फसगत इथेच होते: मुलांचा पासपोर्ट सहसा पाचच वर्षं चालतो. आईबाबांचा दहा वर्षांचा, त्यामुळे मुलांचाही असेल असं धरून चालतात आणि निघायच्या महिन्यात तारीख बघतात. पोचल्यापासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक हवी. नवीन काढताना परिशिष्ट डी या पालकांच्या घोषणापत्रावर दोघांच्याही सह्या लागतात. ईटीए, म्हणजे निघायच्या आधी ऑनलाइन काढायची प्रवास परवानगी, श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर तसल्याच रंगाच्या दलालांच्या साइटही दिसतात, त्या वर पैसे लावतात. शुल्काचे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी तिथंच वाचा. प्रवास विम्यात सर्फिंग धरलंय का तेही बघा. बऱ्याच पॉलिसी ते साहसी खेळ म्हणून वगळतात.

सांगली, मिरज किंवा साताऱ्याहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरा. गाडीला उशीर होतो हे धरून विमान संध्याकाळचं घ्या, सकाळचं नाही. मुंबई ते कोलंबो थेट विमान अडीच तासांच्या आसपास. घड्याळ बदलावं लागत नाही, दोन्हीकडची वेळ एकच. विमानतळापासून वेलिगम द्रुतगती मार्गानं साधारण तीन तास. सामान आणि पोरं असतील तर घरमालकाला सांगून व्हॅन मागवा. कोलंबो फोर्टहून किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी रेल्वे सुंदर आहे, पण अनारक्षित डब्यात चार बॅगा घेऊन उभं राहणं म्हणजे शिक्षा. ती मजा एखाद्या दुपारी वेलिगमहून जवळच्या गॉल शहरापर्यंत जाऊन घ्या. हॉटेलातल्या बिलाचा आकडा बघून दचकू नका, तिथला रुपया आपल्या रुपयापेक्षा बराच लहान आहे.

घर बघताना

गॉल-मातरा हमरस्ता किनाऱ्याला अगदी खेटून जातो आणि त्यावर बसगाड्या बेफाम सुटलेल्या असतात. त्यामुळे घर समुद्रापासून किती मीटर आहे याआधी एक प्रश्न विचारा: मध्ये रस्ता आहे का? असेल तर पोरांना एकटं सोडायचं नाही. स्वयंपाकाचा ओटा, मच्छरदाणी आणि बाहेर गोड्या पाण्याचा नळ, एवढं असलं की पुरे. नळ नसेल तर वाळू गादीपर्यंत येते.

निघायच्या आधी दोन आठवडे, घरच्या सतरंजीवर

तालमीत जोर मारणाऱ्या पोराला फळीवर उभं राहणं लवकर जमतं, कारण हालचाल तीच आहे: पालथं पडून तळहात बरगड्यांच्या खाली टेकायचे, छाती उचलायची आणि एका झटक्यात पाय खाली आणायचे. सतरंजीवर मधोमध दोरी टाका. मागचा पाय दोरीवर आडवा, पुढचा दोन हातांच्या मध्ये, गुडघे वाकलेले, नजर समोरच्या भिंतीवर. रोज वीस वेळा. पुढचा पाय कोणता हे ठरवायला पोराला न सांगता पाठीमागून हलकेच ढकला. तोल सावरायला जो पाय पुढे जातो तोच. फळीची दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची.

पाण्यात

साडेसहा ते नऊ या वेळेत जा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटा विस्कटतात. मोठ्यांसाठी आठ-नऊ फुटांची मऊ स्पंजाची फळी, पोरांसाठी सहा-सात फुटांची. छोटी फळी ऐटदार दिसते, पण ती तरंगत नाही आणि शिकाऊ माणूस चिडून बाहेर येतो. पोराला स्वतंत्र शिक्षक हवा. एका शिक्षकामागे चार पोरं असतील तर दुसरीकडे बघा. सात वर्षांखालच्यांना फळीवर पालथं झोपून फेसाबरोबर किनाऱ्यापर्यंत येऊ द्या, मजा तेवढीच येते.

लाट पाठीमागे चार-पाच मीटरवर आली की हातानं वल्हवायला लागा. फळी उचलली गेली आणि आपोआप पळायला लागली की मगच उठायचं. चुका बहुतेक ठरलेल्या. फळीचं टोक पाण्यात घुसलं म्हणजे तुम्ही पुढे सरकलाय, चार बोटं मागे या. लाट खालून निघून गेली म्हणजे मागे आहात. गुडघ्यावर थांबायची सवय लागली तर पुढचे तीन दिवस ती सुटत नाही, म्हणून पहिल्यापासून थेट पायावर. पायाकडे बघितलं की पडलाच. किनाऱ्यावरचा एखादा माड धरून त्याच्याकडे बघत राहा.

पडताना पाठीवर, गादीवर अंग टाकल्यासारखं. वर येताना आधी हात डोक्यावर, कारण फळी कुठं आहे ते दिसत नसतं. कृष्णेत किंवा विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना इथं एक सवय सोडावी लागते: सूर मारायचा नाही. उथळ पाण्यात डोकं वाळूवर आपटलं तर मान जाते. फळी कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये धरू नका, बाजूला धरा. दोरी बोटाला गुंडाळू नका, लाटेच्या झटक्यात बोट मोडतं.

किनाऱ्यावर एखाद्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि थोडं गढूळ दिसतं आणि फेस आत जाताना दिसतो. नवखी माणसं नेमकी तिथंच पोरांना उतरवतात. ती समुद्राची ओढ असते. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. फळी धरून ठेवा, किनाऱ्याला समांतर जा आणि लाटा फुटतात त्या बाजूनं बाहेर या.

पूर्ण बाह्यांचा लायक्रा शर्ट सगळ्यांनाच हवा, नाहीतर फळीवर घासून पोटाची साल निघते. बायकांनी लेगिंग आणि तोच शर्ट घालावा. ओढणी, साडी भिजली की जड होते आणि पायात अडकते. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या खोलीतच. नाक आणि कानाच्या पाळ्यांना झिंकचा लेप लावा, पण फळीला लागू देऊ नका, पाय घसरतो. जेलीफिश डसला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा. गोडं पाणी किंवा वाळू चोळली की विष आणखी सुटतं. नंतर सोसेल तितक्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा; श्वास लागला तर सरळ दवाखाना. आजी-आजोबांना सावलीत बसवताना वर बघा, नारळ लगडलेल्या माडाखाली खुर्ची टाकू नका.

खाणं

शाकाहारी घरांसाठी खरा खड्डा सांबोलात आहे. नारळाच्या त्या लाल चटणीत उंबलकड, म्हणजे सुक्या माशाचे तुकडे, घातलेले असतात आणि भाजी मागवली तरी ती चटणी सोबत येते. 'उंबलकड एपा' म्हणा, म्हणजे उंबलकड नको. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं मसुराचं वरण, पोरं भातावर निमूट खातात. आपल्या शेवयांचे नातलग असलेले इंदिआप्पा सकाळी मिळतात. म्हशीच्या दुधाचं दही मातीच्या गाडग्यात येतं आणि त्यावर किथुल माडाची काकवी ओततात. आपल्या काकवीपेक्षा ती पातळ आणि धुरकट वासाची. गाडगं वाकडं केलं तरी दही हलत नाही, तेच घ्या. भडंग न्यायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यात, समुद्राच्या हवेत ते तासाभरात मऊ पडतं.

रिकाम्या दुपारी

एक दुपार गॉलच्या किल्ल्याला द्या. पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी बांधून काढला, १९८८पासून जागतिक वारसा यादीत आहे. तटावर चार वाजल्यानंतर चढा. गावातच कुष्ठराजगल हे खडकात कोरलेलं बोधिसत्त्वाचं शिल्प आहे, दहा मिनिटांचं काम. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. ते लोक हे फार मनावर घेतात. पौर्णिमेला पोया, म्हणजे बौद्धांचा सुट्टीचा दिवस असतो. त्या दिवशी दारू विकत नाहीत आणि बरीच दुकानं बंद असतात.

शेवटच्या दिवशी पाण्यात उतरू नका. ओले लायक्रा बॅगेत गेले की सांगलीपर्यंत सगळ्या कपड्यांना वास लागतो. परतीचं विमान आणि महालक्ष्मी एकाच रात्री जुळवू नका, मधली एक रात्र मुंबईत ठेवा.