डेबियन पॅकेजच्या बिल्डमध्ये व्हेरिएबल गळते तेव्हा

टर्मिनलमध्ये जावा_होम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे (जावा कुठे आहे ते प्रोग्रॅम्सना सांगणाऱ्या सेटिंगचे) मूल्य बरोबर दिसते, पण डीबिल्ड (डेबियन पॅकेज बांधणारी कमांड) चालवला की जेडीके (जावाचा विकास-संच) सापडत नाही म्हणून बिल्ड अर्ध्यावर थांबतो. अशा वेळी तेच मूल्य पुन्हा पुन्हा सेट करत बसू नये; ते नेमके कोणत्या टप्प्यावर गळते, हे आधी शोधावे.

सुरुवातीला इको या छापणाऱ्या कमांडवर विसंबू नका. इकोला मूल्य भरून देण्याचे काम शेलच (टर्मिनलमधील कमांड चालवणारा प्रोग्रॅम) करते, त्यामुळे एक्स्पोर्ट न केलेले, म्हणजे इतर प्रोग्रॅम्सकडे न सोपवलेले व्हेरिएबलही तिथे दिमाखात छापले जाते. त्याऐवजी प्रिंटएन्व्ह ही कमांड द्यावी; ती वेगळी प्रोसेस असल्यामुळे तिला एक्स्पोर्ट केलेलेच तेवढे दिसते. उत्तर कोरे आले, तर एक्स्पोर्ट करायचे राहिले आहे.

उत्तर आले, तर त्याच टर्मिनलमधून डीपीकेजी-बिल्डपॅकेज, म्हणजे डीबिल्ड आतून वापरतो ती कमांड, थेट चालवून पाहावे. आता बिल्ड पार पडला, तर गळती डीबिल्डमध्ये आहे, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे: एकाच्या लॅपटॉपवर झालेला बिल्ड दुसऱ्याकडेही तसाच व्हावा म्हणून डीबिल्ड टर्म, होम, लँग, सीफ्लॅग्ज, डेब_ने सुरू होणारी नावे अशी मोजकी व्हेरिएबल्स राहू देतो, पाथ स्वतःच्या ठरावीक यादीने बदलतो आणि बाकीची काढून टाकतो. तात्पुरता उपाय म्हणून उणे-ई हा पर्याय व्हेरिएबलच्या नावासह द्यावा, मात्र तो डीपीकेजी-बिल्डपॅकेजच्या पर्यायांच्या आधी लिहावा. सगळेच जसेच्या तसे राखणारा प्रिझर्व्ह-एन्व्ह पर्यायही आहे. तो तपासणीपुरताच बरा. मध्ये सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्रॅम) येत असेल, तर तोही अशीच झाडलोट करतो, हे लक्षात ठेवावे.

थेट चालवूनही बिल्ड अडला, तर रूल्स फाइल, म्हणजे पॅकेजच्या बिल्डच्या पायऱ्यांची फाइल, उघडावी. ही मेकफाइल (मेक या प्रोग्रॅमने वाचायची फाइल) असते आणि तिच्यात रेसिपीची, म्हणजे एका पायरीच्या कमांडांची, प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, म्हणून एका ओळीत केलेले एक्स्पोर्ट पुढच्या ओळीपर्यंत टिकत नाही. दुसरी खोच डॉलरची. एकच डॉलर लावून जावा_होम छापायला सांगितले, तर मेक 'जे' या एकाच अक्षराला व्हेरिएबलचे नाव समजतो, ते रिकामे निघते आणि पडद्यावर 'आवा_होम' एवढेच शेपूट उमटते. असे शेपूट दिसले, तर मूल्य हरवलेले नसून डॉलर दोनदा लिहायचा राहिला आहे, असे समजावे.

होमचे मूल्यच बदललेले दिसले, तर डेबहेल्पर या पॅकेज बांधणाऱ्या साधनसंचाची कम्पॅट पातळी (पॅकेजने निवडलेली त्याच्या वर्तनाची आवृत्ती) पाहावी. 13 पासून तो होमला बिल्डपुरत्या तात्पुरत्या डिरेक्टरीकडे वळवतो, त्यामुळे घरच्या डिरेक्टरीतील सेटिंग्ज बिल्डला मिळत नाहीत.

कायमचा उपाय एकच मला पटतो: मूल्य स्वतःच्या शेलमध्ये न ठेवता रूल्स फाइलच्या माथ्यावर एक्स्पोर्टसह लिहावे. जावा_होमसाठी तिथे डीफॉल्ट-जावाचा मार्ग द्यावा आणि कंट्रोल फाइलमधील बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) डीफॉल्ट-जेडीके जोडावे, म्हणजे पीबिल्डर या साधनाच्या कोऱ्या क्रूटमध्येही (वेगळ्या ठेवलेल्या स्वच्छ सिस्टिममध्येही) तोच बिल्ड पार पडतो.