बद्द नाणं खणखणीत वाजवताना : ठकांची अद्भुतरम्य कादंबरी कशी रचावी

ठकांच्या कादंबरीत नायकाचं नाव सुचण्याआधी फसवणूक ठरलेली हवी. पात्रं झकास जमली आणि डाव कच्चा निघाला, तर शंभराव्या पानावर लेखक अडतो. मग सुटका म्हणून ऐनवेळी नवी जादू काढतो आणि वाचक पुस्तक मिटतो. म्हणून आधी डाव, मग जादू, मग शहर आणि शेवटी माणसं.

1. डाव तीन ओळींत लिहा

काय लुबाडायचं, कोणाकडून, आणि लुबाडला गेलेला माणूस तक्रार का करू शकत नाही? तिसरी ओळ बहुतेक जण विसरतात.

नाशिककरांना यासाठी लांब जायला नको. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे 1906 साली नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राजा बदलला, चांदी तीच राहिली. यातून डाव असा उभा राहतो : ‘नवा ठसा नसलेलं नाणं परवापासून चालणार नाही’ अशी आवई उठते. लोभी सराफ घाबरलेल्या लोकांकडून नाणी निम्म्या भावात घेऊ लागतो, कारण ठसा मारणारा अधिकारी आपल्या मुठीत आहे अशी त्याची खात्री असते. तो अधिकारी टोळीचाच. टोळी सराफाला सात हजार नाण्यांचं पोतं विकते. आत शिसं, वर चांदीचा पातळ पत्रा. आता हा कोणत्या तोंडाने न्याय मागणार? आधी स्वतःची लूट कबूल करावी लागेल.

2. पैशाचा हिशेब मांडा

‘अफाट संपत्ती’ असं लिहून भागत नाही. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यातला नहपानाचा जावई उषवदात याचा लेख इथे फार कामाला येतो. त्यात 35 कार्षापणांना (चांदीची नाणी) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) हा दर आहे. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, ठेवलेल्या 2,000 कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज आहे, आणि त्यातून वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळतात. हेच दर आपल्या शहराला लावून पाहा. सात हजार नाणी निम्म्या भावात, म्हणजे 3,500. म्हणजे बरोबर शंभर सुवर्ण. व्याजाने ठेवले तर पस्तीस भिक्खूंची वस्त्रं दरवर्षी सुटतील. एवढं कळलं की लूट वाचकाच्या हाताला लागते. वजनही पाहा : नाणं दोन ग्रॅमचं धरलं तर पोतं चौदा किलोचं. एका माणसाला ते पाठीवर घेऊन पळता येतं.

3. जादू एकच, आणि तिची किंमत दुसऱ्याने भरावी

आधी जादूशिवाय कुठवर जमतं ते पाहा. शिशाची घनता 11.3, चांदीची 10.5. नाणं किंचित पातळ केलं की तराजू फसतो. कसोटीच्या दगडावर वरच्या पत्र्याचाच कस उमटतो. पण दगडी ओट्यावर टाकलं की चांदी खणखणीत वाजते आणि शिसं बद्द. जादू फक्त इथेच आणायची.

समजा, टोळीतल्या एका मुलीला एका वस्तूचा नाद काढून दुसऱ्या वस्तूला उसना देता येतो. घाटावरच्या मोठ्या घंटेचा नाद शंभर नाण्यांत वाटता येतो, एक घटका म्हणजे 24 मिनिटं. तेवढा वेळ घंटा मुकी. सात हजारांतली शंभरच वाजणार, म्हणून सराफाच्या हाती नेमकी तीच पडायला हवीत. तिथे जादू संपते आणि हातचलाखी सुरू होते. शिवाय पुराचा इशारा देणारी घंटाही तीच असेल तर? नदी चढतेय, पुजारी दोर ओढतोय, आवाज नाही. कादंबरीचा खरा पेच हा आहे, चोरी पकडली जाते की नाही हा नव्हे.

4. शहर पायी मोजा

भर दुपारी सराफबाजारातून गोदाघाटापर्यंत चाला. कुठे दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत, कुठला बोळ उतरतो, हे वहीत टिपा. नाशिककर पुराचा अंदाज गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून बांधतात : पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. तुमच्या शहरात मूर्ती वेगळी घडवा, पण घड्याळ म्हणून ही युक्ती वापरा. ‘दोन तास उरले’ यापेक्षा ‘पाणी कमरेला लागलं’ जास्त धडकी भरवतं.

माणसं चार पुरतात : बोलणारा, बनावट माल करणारा, टेहळ्या आणि जादूवाली. सातआठ केलीत तर निम्मी नुसती गर्दी.

5. दोन रकान्यांची वही

डाव्या रकान्यात खरोखर काय घडलं, उजव्यात वाचकाला काय दिसलं. साठ हजार शब्द, तीस प्रकरणं धरली तर डाव बाविसाव्या प्रकरणापासून सुरू करा. उसन्या नादाची खूण त्याआधी तीनदा यावी : चौथ्यात गंमत म्हणून (भांडकुदळ शेजारणीचं भांडं अचानक मुकं होतं), अकराव्यात भांडणाच्या गडबडीत, एकोणिसाव्यात ओझरती. बेत वाचकाला आधी सविस्तर सांगितला असेल तर तो बेत फसलाच पाहिजे. सिद्धीला जाणारा बेत झाकून ठेवा.

झाकायचा कसा, इथे मात्र पुष्कळ जण घसरतात. म्होरक्याच्या मनातून कथा सांगायची आणि त्याच्याच मनातली मुख्य गोष्ट लपवायची, ही वाचकाशी लबाडी झाली. त्यापेक्षा कथा टोळीतल्या नवख्या पोराच्या नजरेतून सांगा. त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं. दुसरी चूक म्हणजे मूर्ख सावज. सराफाने तराजू, कसोटी आणि नाद या तिन्ही परीक्षा नीट घ्यायला हव्यात, एखादी टोळीने न योजलेलीही.

खर्डा झाला की दोघांना एकविसाव्या प्रकरणापर्यंतच वाचायला द्या आणि पुढचा अंदाज लिहून मागा. दोघांनीही घंटा ओळखली तर एकोणिसाव्यातली खूण काढा. शेवट वाचल्यावरही दोघांना शेजारणीचं भांडं आठवलं नाही, तर चौथं प्रकरण पुन्हा लिहायला घ्या.